नंबर म्हणजे गरिबाचा पत्ता

तुमच्यापैकी ज्यांनी चाळिशी-पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना 'पीपी' ही दोन अक्षरं नक्की आठवत असतील. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर फोन नंबर दिलेला असे आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात 'पीपी' लिहिलेलं असे. ट्रंक कॉलच्या जमान्यातून आलेली ही अक्षरं. त्यांचा व्यवहारातला अर्थ एवढाच की, फोन आमचा नाही, शेजारच्यांचा आहे. तुम्ही तिथं फोन करा, ते आम्हाला हाक मारतील. फोन दुसऱ्याचा, पण नंबर माझ्या नावापुढं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट आपल्याला कुठंतरी गाठता येतं, याचं समाधान असे.

आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, तो या दोन अक्षरांत सामावलेला आहे. गरिबाला, बेघराला, पोटासाठी गाव सोडून फिरणाऱ्याला स्वस्तात फोन मिळावा म्हणून सरकारनं काय केलं, बाजारानं काय केलं, त्याचे पैसे कुणी भरले आणि एवढं होऊनही काय राहून गेलं, हा तो विषय. आपण फोनचा विचार करतो तेव्हा बोलण्याचा विचार करतो. मिनिटाला किती पैसे, महिन्याला किती रुपये. पण गरीब माणसाला फोन लागतो तो आधी सापडण्यासाठी. मुकादमाला तो सापडला पाहिजे, दवाखान्याला सापडला पाहिजे, गावाकडं ठेवलेल्या म्हाताऱ्या आईला सापडला पाहिजे. ज्याच्या घराला दार आहे, त्याच्या दारावर पोस्टमन येतो. ज्याला दारच नाही, त्याचा नंबर हाच त्याचा पत्ता.

थोडं मागं जाऊ. १९९४ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केलं. त्यात तेव्हाची परिस्थिती स्पष्ट लिहिली आहे. देशात शंभर माणसांमागं ०.८ फोन, म्हणजे पुरता एकही नाही. जगाची सरासरी त्या वेळी १० होती. देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या आणि २५ लाख लोक रांगेत उभे होते. ५ लाख ७६ हजार ४९० खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोनची सोय होती.

अशा देशात घरोघर फोन देणं शक्य नव्हतं. म्हणून विचार निघाला तो सार्वजनिक फोनचा. १९८४ साली 'सी-डॉट' ही सरकारी संशोधन संस्था निघाली. सॅम पित्रोदा हे त्यामागचं मोठं नाव. या संस्थेनं खेड्यासाठी १२८ जोडण्यांचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. परदेशी एक्स्चेंजला थंडगार खोली लागायची, धूळ चालत नसे. हे यंत्र आपल्या उन्हात, आपल्या धुळीत, वातानुकूलन यंत्राशिवाय चालणारं होतं. १९८६ मध्ये त्यातलं पहिलं बसलं ते आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, राणी चन्नम्माच्या कित्तूरला. पुढं हेच यंत्र देशातल्या हजारो खेड्यांत गेलं.

त्याच सुमाराला पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. हे बूथ देताना अपंग, विधवा, माजी सैनिक अशांना प्राधान्य असे. म्हणजे एका सवलतीत दोन माणसं जगायची, बूथ चालवणारा आणि तिथून बोलणारा. शिवाय रात्रीच्या दराची सवलत होती. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर निम्मा आणि रात्री उशिरा चौथा हिस्सा. म्हणून रात्री दहानंतर बूथपुढं गर्दी व्हायची. काचेच्या आत एक जण बोलतोय, बाहेर सात-आठ जण मीटरच्या लाल आकड्यांकडं बघत उभे आहेत. बोलणाऱ्याचं अर्धं लक्षही त्या आकड्यांवरच. 'बाकी सगळं ठीक आहे ना? ठेवतो मग,' हे वाक्य तिथंच जन्मलं असावं.

आमच्या वेळापुरात बूथवाला आणखी एक काम करायचा, त्याचे पैसे कोणी देत नसे. मुंबईहून, भिवंडीहून, सौदीहून फोन यायचा. तो एखाद्या पोराला पिटाळायचा. पोरगं धावत मोहल्ल्यात, नाहीतर माळीगल्लीत जायचं आणि दारातून ओरडायचं, 'चाची, तुमचा फोन आलाय, दहा मिनिटांनी परत लावणार हायेत.' चाची डोक्यावरचा पदर सावरत निघायची. ईदच्या आदल्या रात्री चाँद दिसला का, हे विचारायलाही बूथवरच गर्दी. त्या बूथवाल्याच्या वहीत अर्ध्या गावाचे निरोप असायचे. फोनसेवेचा हा भाग कुठल्याच धोरणात लिहिलेला नव्हता, पण गरिबाला खरा उपयोग त्याचाच होता.

याच काळात मुंबईत एक फार मोलाचं काम सुरू झालं. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी एक मोफत नंबर सुरू केला, १०९८. रेल्वे फलाटावर झोपणारं, पुलाखाली राहणारं पोर, खिशात नाणं नसतानाही कुठल्याही फोनवरून हा नंबर फिरवू शकत होतं. मुलांच्या तोंडी तो 'दस-नौ-आठ' असा बसला, उलटे आकडे मोजावेत तसा. पुढं तो देशभर गेला. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडली गेली आहे. बेघरांसाठी मोफत फोन ही कल्पना परदेशातून यायची वाट आपण पाहिली नाही. ती आपल्याच फुटपाथवर उगवली.

आता पैशाकडं वळू. खेड्यात फोन न्यायचा तर तार, खांब, यंत्र, माणूस सगळं लागतं आणि उत्पन्न मात्र थोडं. मग तोटा कोणी सोसायचा? याचं उत्तर समजायला एसटीची मुक्कामी गाडी डोळ्यांपुढं आणा. आडगावची मुक्कामी गाडी कधी फायद्यात नसते. ती चालते मोठ्या मार्गांवर मिळणाऱ्या पैशाच्या जिवावर. फोनचंही तसंच होतं. खात्याचा सगळा कारभार एका हातात होता, तोवर मुंबई-दिल्लीच्या महाग ट्रंक कॉलमधून खेड्याचा तोटा भरून निघायचा. पण खासगी कंपन्या आल्या आणि त्या साहजिकच फायद्याच्या मार्गावर धावू लागल्या. मग मुक्कामी गाडी कोणी चालवायची?

यासाठी १ एप्रिल २००२ पासून एक निधी सुरू झाला, सार्वत्रिक सेवा बंधन निधी. नाव अवघड आहे, रीत सोपी आहे. प्रत्येक दूरसंचार कंपनीनं आपल्या हिशेबी उत्पन्नातल्या दर शंभर रुपयांमागं पाच रुपये या निधीत भरायचे. त्यातून जिथं धंदा परवडत नाही, तिथं सेवा द्यायची. २००३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं त्याला कायद्याचं बळ मिळालं. म्हणजे श्रोतेहो, तुम्ही-आम्ही रिचार्ज मारतो त्या पैशातले काही पैसे त्या निधीत जातात. हे अनुदान सरकारनं खिशातून दिलेलं नाही, ते ग्राहकांनी ग्राहकांना दिलेलं आहे.

या निधीतून पहिलं काम झालं ते गावच्या सार्वजनिक फोनचं. त्याआधी खेडोपाडी रेडिओलहरींवर चालणारे फोन बसवले होते, ते बहुतेक मुके होते. ग्रामपंचायतीत डबा असायचा, पण आवाज नसायचा. असे पावणेदोन लाखांहून अधिक फोन बदलण्याचं काम या निधीनं केलं. २००२ च्या अखेरीला ग्रामीण संचार सेवक ही योजनाही आली होती. खेड्यातला टपालवाला टपालाबरोबर बिनतारी फोन घेऊन दारोदार जाणार आणि लोक त्यावरून बोलणार. कल्पना गोड होती. पण तेवढ्यात मोबाइल आला आणि तिला मागं टाकून निघून गेला. मग २००६ साली कायदा पुन्हा बदलला आणि या निधीतून मोबाइलच्या टॉवरलाही पैसे देता येऊ लागले. २००७ नंतर देशाच्या दूरच्या भागांत असे सात हजारांहून अधिक टॉवर उभे राहिले. अलीकडं, २०२२ च्या जुलैत, ४-जी न पोचलेल्या २४ हजार ६८० गावांसाठी २६ हजार ३१६ कोटींची योजना मंजूर झाली, तीही याच निधीच्या आधारानं.

हे सगळं चांगलंच झालं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या निधीचा पैसा आधी गावाला मिळाला, मग खांबाला मिळाला. माणसाला तो थेट फारसा कधी मिळाला नाही. 'या बाईला फोन परवडत नाही, तिचा नंबर चालू राहावा म्हणून आम्ही इतके रुपये देतो,' असं त्या निधीनं कधी म्हटलं नाही. उलट वर्षानुवर्षं हजारो कोटी रुपये न वापरता पडून राहिले, अशी टीका हिशेब तपासणाऱ्यांनीच केली.

मग माणसाच्या हातात फोन दिला कोणी? खरं सांगायचं तर स्पर्धेनं दिला. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत होते. २००३ च्या मे महिन्यापासून इनकमिंग मोफत झालं. माझ्या मते गरिबाच्या फोनच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस. कारण त्या दिवसापासून सापडण्याचे पैसे लागेनासे झाले. २००६ मध्ये देशभर कुठंही मिनिटाला एक रुपया झाला, २००९ मध्ये सेकंदाला पैसा मोजायची पद्धत आली. २००५ च्या अखेरीला तर ९९९ रुपयांत 'आजन्म इनकमिंग' अशा योजना निघाल्या. लोकांनी पै-पै साठवून त्या घेतल्या.

आणि मिस कॉल! आपल्या माणसांनी या यंत्रातून काढलेली ही खरी कमाई. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन रिंगा म्हणजे तू फोन कर. भाजीवाला, रिक्षावाला, गवंडी, सगळे मिस कॉलवर चालायचे. खिशात दहा रुपयांचा बॅलन्स, तो महिना-महिना हलायचा नाही, पण नंबर जिवंत. कुणीही गाठू शकत होतं. कुठल्याही सरकारी अनुदानाशिवाय पंधरा वर्षं गरिबाला पत्ता मिळाला होता.

ते दिवस २०१८ च्या अखेरीला संपले. इंटरनेट स्वस्त झालं, दरयुद्ध पेटलं, कंपन्या कर्जात गेल्या. ज्या नंबरावरून महिन्याला पाच रुपयेही मिळत नाहीत, तो सांभाळायचा कशाला, असा हिशेब त्यांनी मांडला. मोठ्या खासगी कंपन्यांनी दर २८ दिवसांना साधारण ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आणलं. आजन्म इनकमिंग तिथंच आटोपलं. तो आकडा चढत गेला आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर बोलण्याची पूर्ण मुभा देणारा महिनाभराचा स्वस्तातला पॅक खासगी कंपन्यांकडं दोनशेच्या आसपास जाऊन पोचला. त्यात रोजचं इंटरनेट किंवा थोडाफार डेटा मिळतो. पण ज्याच्याकडं साधा बटणांचा फोन आहे, त्यानं तो डेटा काय भाकरीबरोबर खायचा?

यातली एक गंमत पाहा. महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. दोनशेच्या हिशेबानं २६०० रुपये. आता हे २६०० रुपये आमच्या भागातल्या एका माणसाच्या हिशेबात बसवून बघू.

आमचा माळशिरस तालुका उसाचा. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. अकलूज-वेळापूरच्या परिसरात माळावर, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाचटाची, कागदाची झोपडी. तिला घर नंबर नाही, गल्ली नाही, पोस्टमन नाही. सरकारी भाषेत ही माणसं बेघर नाहीत, कारण गावाकडं त्यांचं घर आहे. पण सहा महिने त्यांचा पत्ता म्हणजे त्यांच्या कनवटीचा फोन. पहाटे गाडी कुठं भरायची, ते फोनवर कळतं. गावाकडं पोरगं तापानं फणफणलंय, ते फोनवर कळतं. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला, तो टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. म्हणजे एक फोन वर्षभर चालू ठेवायचा तर सात टन ऊस तोडावा लागतो. तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायचा. नवरा-बायकोच्या कोयत्याला तीन-चार दिवस लागतात, ते एका फोनसाठी. दोघांकडं दोन फोन असतील तर हिशेब दुप्पट. म्हणून बहुतेक कोप्यांत एकच नंबर चालू असतो, आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो.

हंगाम संपतो, टोळी गावाकडं जाते. पावसाळ्यात हाताला काम नसतं आणि रिचार्ज नेमकं तेव्हाच थांबतं. पॅक संपला की आधी आउटगोइंग बंद होतं, काही दिवसांनी इनकमिंगही थांबतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, त्याचा २०१३ चा नियम असा आहे की, सलग ९० दिवस नंबर वापरला गेला नाही तरच तो बंद करता येतो. पण पावसाळा चार महिन्यांचा असतो, आणि ९० दिवस म्हणजे तीनच महिने. दसऱ्याला मुकादम उचल द्यायला येतो, तेव्हा फोनवरून आवाज येतो, 'हा नंबर अस्तित्वात नाही.'

मग काय, दुसरं सिमकार्ड घेतलं. वीस वर्षांपूर्वी एवढ्यावर भागलं असतं. आज भागत नाही, कारण मधल्या काळात आपण सगळं आयुष्य त्या दहा आकड्यांना बांधून टाकलं. बँकेचं खातं त्या नंबराला, आधार त्या नंबराला, गॅस त्या नंबराला, शेतकऱ्याचा हप्ता त्या नंबराला. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी मागितली, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार होता. एका कोपीवरची बाई मला म्हणाली, 'भाऊ, आधार हाय, अंगठा हाय, मी सवता हितं उभी हाय. पर त्यांचा निरोप माज्या मेलेल्या नंबरावर जातोय.' यावर मी काय बोलणार? नवा नंबर जोडायचा तर केंद्राची रांग, शुल्क आणि एका दिवसाची बुडालेली मजुरी.

याहून काळजीची गोष्ट म्हणजे, बंद झालेला नंबर कंपनी पुन्हा दुसऱ्याला देते. किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, असं ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर मात्र तो कुणाच्याही हाती जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या बँकेचा निरोप, तुमच्या खात्याचा ओटीपी, एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजू लागतो. घर बदललं तर जुन्या पत्त्यावरची पत्रं आपण पोस्टात सांगून वळवतो. नंबर मेला तर वळवायचं कुठं?

जगात याचा विचार कसा झाला? अमेरिकेत १९८५ पासून 'लाइफलाइन' नावाची योजना आहे. तिथल्या कंपन्यांकडूनही आपल्यासारखाच वाटा घेऊन निधी उभारतात. पण तो खांबाबरोबर माणसालाही देतात. गरीब कुटुंबाच्या फोनबिलात महिन्याला ९ डॉलर २५ सेंटपर्यंत सूट मिळते. एका कुटुंबाला एकच. २००५ नंतर ती मोबाइललाही लागू झाली. बेघर माणूस तात्पुरता पत्ता देऊन अर्ज करू शकतो. तिथं गैरप्रकारही झाले, एकाच घरात दोन-दोन सवलती निघाल्या, मग तपासणी कडक झाली. टीका झाली, टिंगल झाली, कोर्टकचेरी झाली. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही निधीची पद्धत वैध ठरवली. तिथंच इंटरनेटसाठी दुसरी सवलत सरकारी तिजोरीतून दिली होती. पैसा संपला आणि १ जून २०२४ ला ती बंद पडली. सुमारे सव्वादोन कोटी कुटुंबांची सूट एका दिवसात गेली. धडा असा, की तिजोरीतून मिळालेली सवलत तिजोरीच्या मर्जीवर राहते, निधीतून मिळालेली टिकते.

पण मला जास्त भावली ती तिथली एक छोटी गोष्ट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सिएटल शहरात बेघर लोकांना फोन न देता नुसता नंबर द्यायची सोय झाली. त्या नंबरावर कुणी फोन केला की निरोप साठायचा. बेघर माणूस दिवसातून एकदा सार्वजनिक फोनवरून तो ऐकायचा. नोकरीच्या अर्जावर लिहायला त्याच्याकडं नंबर आला. समोरच्या मालकाला कळतही नसे की हा माणूस रात्री कुठं झोपतो. म्हणजे आपलं 'पीपी'च की! आपल्या बूथवाल्याची वहीच की! सात समुद्रांपलीकडं लोक त्याच ठिकाणी येऊन पोचले.

मग आपण काय करायचं? आधी जे आपल्या हातात आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं नियम केला की, प्रत्येक कंपनीनं केवळ बोलणं आणि एसएमएस असलेला, इंटरनेट नसलेला पॅक ठेवलाच पाहिजे आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. ८४ दिवसांना साधारण साडेचारशे ते पावणेपाचशे आणि वर्षाच्या आसपासच्या मुदतीला साडेसतरा-साडेअठराशे, असे तेव्हाचे दर होते. बटणांचा फोन वापरणाऱ्यांनी दुकानात हा पॅक नावानं मागावा. सांगितल्याशिवाय तो पुढं केला जाईलच असं नाही. यातली अडचण मला माहीत आहे. एकरकमी अठराशे रुपये गरिबाकडं असतात कुठं? चहाची पूड तो पुडीनं घेतो, किलोनं नाही, आणि पुडी नेहमीच महाग पडते. म्हणून हंगामाचा पैसा हातात असतानाच, गावाकडं निघण्याआधी, लांब मुदतीचा पॅक मारून घ्यावा. पावसाळा निघून जातो.

दुसरी गोष्ट. त्याच २०१३ च्या नियमात नंबर राखून ठेवण्याची तरतूद आहे. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर पुढं जिवंत ठेवायचा. तेव्हा मुख्य बॅलन्समध्ये वीस-तीस रुपये कायम असू द्या.

तिसरी गोष्ट. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. जिथं बीएसएनएलची रेंज चांगली आहे, तिथं तिचे दर विचारून बघायला हरकत नाही. कंपनी बदला, नंबर बदलू नका.

चौथी गोष्ट, आणि ही बायकांनी जास्त ऐकावी. सिम स्वतःच्या नावावर घ्या. मुकादमाच्या, पुतण्याच्या, दुकानदाराच्या नावावरचं सिम म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचं घर. आपल्या नावावर कुठले नंबर आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. गावातलं शिकलेलं एखादं पोरगं पाच मिनिटांत सांगेल.

आता जे सरकारच्या हातात आहे, ते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्या जुन्या निधीचं नाव बदललं. आता तो 'डिजिटल भारत निधी' झाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे नियम आले. त्यात महिला, अपंग, आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या दुर्बळ घटक यांच्यापर्यंत सेवा पोचवणं हे निधीचं काम म्हणून लिहिलं आहे. म्हणजे आजवर खांबापाशी थांबलेला पैसा माणसापर्यंत न्यायला कायद्याची आडकाठी उरलेली नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. गरिबाला फुकट स्मार्टफोन द्या, असं मी म्हणत नाही. तसे प्रयोग राजस्थानात, छत्तीसगडात झाले. निवडणूक आली, फोन वाटले; सरकार बदललं, योजना थांबली. मी म्हणतो, अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबातल्या एका बाईचा एक नंबर मरू देऊ नका. तिचं आउटगोइंग बंद राहिलं तरी चालेल, इंटरनेट नसलं तरी चालेल. पण तिला आलेला फोन लागला पाहिजे आणि तिचा एसएमएस पोचला पाहिजे. कंपन्या म्हणतील, नंबर सांभाळायला खर्च येतो. खरं आहे, तो निधीतून द्या. कोणी म्हणेल, अशा सिमचा फसवणुकीसाठी वापर होईल. त्यासाठीच तर ते केवळ फोन घेणारं सिम असू द्या. ज्यावरून फोन करताच येत नाही, त्यावरून फसवणार कसं? आणि ओटीपीचा एसएमएस पाठवणारी बँक त्याचे पैसे कंपनीला मोजतेच. तो पोचला नाही तर नुकसान एकट्या बाईचं होतं.

दरवर्षी आषाढीच्या आधी माउलींची पालखी आमच्या वेळापुरात मुक्कामाला येते. लाखो माणसं, आणि एकाचंही घर इथं नाही. गर्दीत चुकलेल्या म्हाताऱ्यांच्या पिशवीत, चंचीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक चिठ्ठी असते. तिच्यावर गावाचं नाव असतं आणि खाली मुलाचा नाहीतर सुनेचा नंबर. पोलीस असो, दिंडीवाला असो, नाहीतर चहावाला, तो पहिल्यांदा चिठ्ठी बघतो आणि फोन लावतो. तो लागला की अर्ध्या तासात म्हातारी आपल्या माणसांत असते. नाही लागला तर माईकवरून नाव पुकारत राहायचं.

दारावरची पाटी पुसू नये, ही आपली जुनी रीत. ज्यांच्याकडं दारच नाही, त्यांची पाटी म्हणजे ते दहा आकडे. महिन्याच्या २८ व्या दिवशी ती पुसली जाणार नाही, एवढी व्यवस्था आपल्यासारख्या मोठ्या देशाला जड नाही. पैसा आहे, कायदा आहे, यंत्रणाही आहे. गरिबाला बोलायला काय लागतं, याचा विचार आपण तीस वर्षं केला. आता त्याला सापडायला काय लागतं, याचाही करू या.